भुयारातली हजेरी

रविवारची जेवणं उरकली, सैनिकगृहाच्या फाटकाशी बस येऊन लागली, तरी काकू काकांच्या कोटाचं बटण शिवतच होत्या. कोट काकांच्या अंगात होता. सुईच्या भीतीनं तरी हा माणूस जागचा हलणार नाही, असा काकूंचा साधा हिशेब. सकाळपासून काकांचं पोट दुखून झालं होतं, गुडघा दुखून झाला होता आणि आता चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्यांच्याच कपाळावर होता.

सैनिकगृह म्हणजे लढाईतून जिवंत परतलेल्या आणि पुढे कुणालाच नकोशा झालेल्या म्हाताऱ्यांची राहायची जागा. काहींच्या बायकाही सोबत राहत. काका-काकू हे तिथलं सर्वांत जुनं जोडपं. त्यांना लहानथोर सगळे काका-काकूच म्हणायचे. इमारत जुनी, छप्पर गळकं. आजाऱ्यांच्या खोलीत पलंगांच्या मधे बादल्या ठेवाव्या लागत. संस्थेच्या चिटणीसबाईंनी यावर तोड काढली होती. डोंगराखालचं युद्धाच्या वेळचं भुयार आता लोकांना बघायला खुलं झालं होतं. देणगीदारांना तिथे न्यायचं, सगळं दाखवायचं आणि परत येताना सैनिकगृहासाठी पेटी फिरवायची. फक्त एक अडचण होती. लोक भिंती बघून हळहळत नाहीत, माणूस बघून हळहळतात. आणि त्या भुयारातून जिवंत बाहेर आलेला माणूस एकच होता, तो म्हणजे काका.

चिटणीसबाईंनी काकांना गळ घातली, काकांनी मान हलवली नाही. मग त्यांनी काकूंना गाठलं. छप्पर झालं की आजाऱ्यांच्या खोलीलगतची कोरडी खोली तुम्हालाच, असं त्या म्हणाल्या. काकूंना ती खोली हवी होती. काकांची छाती ओलीला टिकत नव्हती, गेल्या हिवाळ्यात तर त्यांनी काकूंच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. नवरा अजून थोडी वर्षं हवा होता त्यांना, बाकी काही नाही. म्हणून त्या हात धुऊन काकांच्या मागे लागल्या, आणि चांगल्या हेतूनं मागे लागलेल्या बायकोपुढे कुणाचं काय चालतं? काका अखेर हो म्हणाले.

काकांना ऐकू येत नसे. स्फोटात एक कान तिथेच गेला, उरलेला पुढे हळूहळू गेला. बोलायचं तर काकू समोर उभ्या राहून तोंड मोठं करून बोलत, ते ओठ वाचत. अंधारात हात धरायचा. दाबला की थांब, ओढला की चल. एकदा दवाखान्यात काकू पाणी आणायला गेल्या आणि नेमका तेवढ्यात काकांचा पुकारा झाला. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसले. नाव खोडलं गेलं आणि हा माणूस संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. तेव्हापासून काकांच्या नावाची हाक आली की काकूच उत्तर देत. दवाखान्यात, बँकेत, सैनिकगृहाच्या संध्याकाळच्या हजेरीत. तोंडातून 'हजर' निघून जाई आणि मग त्यांच्या लक्षात येई की आपण बोललो.

बस सुटायच्या आधी काकांनी त्यांचा हात धरला आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, "आत कुणी हाक मारली तर तू तोंड उघडायचं नाहीस."

सगळी बस त्यांच्याकडे बघू लागली. काकू ओशाळल्या. तिथे कोण हाक मारतंय, पोस्टमन का, असं त्या ओठांनीच म्हणाल्या.

"माझ्या नावानं मारली तरी नाही. माझा हात दाब. काय ते मी बघीन."

काकूंनी मान डोलावली. त्या भुयाराची हकिगत त्यांना ठाऊक होती. लग्नानंतर लगेचच काकांनी ती एकदा सांगितली होती, पुन्हा कधी विषय काढला नव्हता.

तुकडी भुयारात असताना बाहेर बॉम्ब पडला आणि तोंड बुजलं. दिवा लावायची सोय नव्हती, दिवा हवा खातो. साहेब अंधारात हजेरी घ्यायचा. तुकडीत प्रत्येकाला टोपणनाव होतं, साहेबही त्याच नावानं पुकारायचा. थोरला, मुका, गवळी, मास्तर. काका अंगानं बारीक, म्हणून चिमणी. सुरुवातीला सगळ्यांनी आपापली हजेरी दिली. मग एकाचा आवाज यायचा थांबला. साहेबानं त्याचं नाव पुन्हा घेतलं. अंधारात कुणीच काही बोलेना, तेव्हा शेजारच्यानंच 'हजर' म्हणून टाकलं. साहेबाचा धीर सुटू नये म्हणून. पुढे तशी रीतच पडली. ज्याची हजेरी दुसरा देईल तो गेला, असं सगळ्यांनी समजायचं, आणि साहेबानं आपल्याला काही कळलं नाही असं दाखवायचं. डोंगरावर हवेसाठी एक झरोका होता. त्यातून मावेल असा माणूस एकच, म्हणून मदत आणायला काकांना वर ढकललं. मदत आणता आणता वर पुन्हा बॉम्ब पडले आणि आतली वाट कायमची गेली. लढाई संपल्यावर सरकारनं तिथे विटांची भिंत घातली. पलीकडचे पलीकडेच राहिले.

भुयाराच्या दाराशी रखवालदार उभा होता. गणवेश स्वच्छ, बोलणं पाठ केलेलं. त्यानं सगळ्यांना आत घेतलं. भिंतींना नवा चुना, त्याखाली जुनी ओल. ओल आणि गंज मिळून एक वास झाला होता, बंद टाकीचं झाकण काढल्यावर येतो तसला. पायाखाली फळ्या टाकलेल्या. देणगीदार मंडळी हळू आवाजात बोलत होती आणि काकांकडे चोरून बघत होती. काका जमिनीकडे बघत चालले होते. काकूंच्या हातातला त्यांचा हात ओला झाला होता.

वाट विटांच्या भिंतीशी संपली. रखवालदारानं सांगितलं की आता दिवे जातील, त्या वेळचा भोंगा ऐकवला जाईल आणि मग काही वेळ अंधारात उभं राहायचं. कुणी काही बोलायचं नाही. गेलेल्यांचा तेवढा मान राखायचा. चिटणीसबाईंनी काकांना पुढे, भिंतीच्या अगदी जवळ उभं केलं, म्हणजे दिवे लागताच सगळ्यांना आधी तेच दिसतील. या बाईंना ते बरोबर सुचायचं.

दिवे गेले.

भोंगा वाजला, छातीत घुमला आणि विरत गेला. मग शांतता. कुणीतरी खाकरलं. फळी करकरली. काकूंना आपल्याच पापण्यांची उघडझाप जाणवत होती, डोळे उघडे काय नि मिटले काय, सारखंच. एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. घोगरा, थकलेला, रोजचं काम उरकावं तसा.

"थोरला."

"हजर."

"मुका."

"हजर."

काकूंना वाटलं, काय हुबेहूब केलंय या लोकांनी. मग त्यांच्या ध्यानात आलं की 'हजर' म्हणणारा आवाज दर वेळी एकच आहे. थोरल्याचाही तोच, मुक्याचाही तोच. गवळ्याचा, मास्तरचा... तोच. पातळ, सौम्य, मर्यादशील आवाज. सगळ्यांच्या वतीनं एकटाच कुणीतरी न चुकता हजेरी देत होता.

"चिमणी."

तो आवाज गप्प राहिला.

हात दाबायचा हे त्यांना आठवलं होतं, अगदी पुरतं आठवलं होतं. पण बोटं वळेनात. शांतता लांबत चालली. दवाखान्यातल्यासारखी, पुकारा झाल्यावर कारकून मान वर करतो आणि लेखणी खाली येते, तसली शांतता.

"चिमणी..."

"हजर," काकू म्हणाल्या.

पलीकडे कुणीतरी श्वास सोडला. खूप दिवसांचं ओझं खाली ठेवावं तसा. काकूंच्या हातातला हात सैल पडला, निसटता निसटता थांबला आणि त्यानं त्यांची बोटं पुन्हा धरली. आता तो कोरडा होता.

दिवे लागले. काका होते तिथेच उभे होते. तोच कोट, तेच बटण, कपाळावर चष्मा. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात ओढला, चला.

"तुम्ही पुढे व्हा," काका हळूच म्हणाले.

एवढ्या वर्षांत नवऱ्यानं कधी त्यांना तुम्ही म्हटलं नव्हतं. चारचौघांत असल्यामुळे म्हणाले असतील, अशी काकूंनी स्वतःची समजूत घातली. बाहेर आल्यावर त्यांनी रखवालदाराला गाठलं आणि हजेरीचं ते छान जमवलंय म्हणून सांगितलं. त्यानं आठ्या घातल्या. इथे फक्त भोंगा आहे, तो म्हणाला, हजेरीबिजेरी काही नाही. आणि मधेच 'हजर' असं तुम्हीच कशाला बोललात? गप्प राहा म्हणून सांगितलं होतं ना. आजूबाजूच्या कुणीही दुसरं काही ऐकलं नव्हतं.

मागे बस वळत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि काका बाजूला झाले. बसकडे त्यांची पाठ होती.

त्या दिवशी काका देणगीदारांपुढे जसं बोलले, तसं कुणी ऐकलं नसेल. आवाज चढलेला नाही, शब्द नीट, सावकाश. अंधारात आधी भूक मरते, ते म्हणाले. मग माणसं भिंतीची ओल चाटू लागतात, आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. साहेब गेल्यावर साहेबाची हजेरीसुद्धा दुसऱ्याला घ्यावी लागते. शेवटी एकच उरतो. तो पुकारतो आणि तोच हजर म्हणतो, कारण थांबलं तर आपण उरलो आहोत हेही त्याला कळणार नाही. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. चिटणीसबाईंचा चेहरा उजळला होता. पेटी भरून दुसरी मागवावी लागली. काकू मात्र बसच्या पायरीवर मटकन बसल्या. हे सगळं झरोक्यातून काकांना वर ढकलल्यानंतरचं होतं. काकांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि हा आवाज काकूंनी आजच भिंतीपलीकडून ऐकला होता.

पुढचे दिवस सैनिकगृहात काकांच्या कौतुकाला खंड नव्हता. कान आले म्हणून सगळे बघायला येत. डॉक्टरांनी तपासलं, असं क्वचित होतं म्हणाले, आणि काखा वर केल्या. काका उजाडल्यापासून मावळेपर्यंत अंगणात उन्हात उभे राहायचे. मानेची कातडी सोलून निघाली तरी सावलीला येत नसत. पाणी प्यायचे ते डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत. संध्याकाळच्या हजेरीला पहिल्या हाकेसरशी स्वतःच्या तोंडानं हजर म्हणायचे. तेव्हा काकूंचे ओठ हलत आणि तसेच राहत. खोलीत ते काकूंना बसायला आधी खुर्ची देत, दार वाजवल्याशिवाय आत येत नसत. परक्या बाईशी सभ्य माणसानं वागावं तसं. ते सभ्यपण काकूंना सहन होईना.

एका दुपारी उन्हात त्यांच्यासमोर उभं राहून काकूंनी सवयीनं तोंड मोठं करून विचारलं, माझा नवरा कुठे आहे.

"असं तोंड करायची गरज नाही," तो माणूस म्हणाला. "आणि मला का विचारता? तुम्हीच तर त्यांची हजेरी दिलीत."

काकू तडक चिटणीसबाईंकडे गेल्या. भिंत फोडा म्हणाल्या. आत माझा माणूस आहे, त्याला ऐकू येत नाही, अंधारात ओठही दिसत नाहीत, त्याला कोण काय सांगणार. बोलता बोलता त्या रडू लागल्या. चिटणीसबाईंनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि खिडकीतून अंगणात उभ्या असलेल्या काकांकडे बोट दाखवलं. ते काय तुमचे काका, उन्हात मजेत आहेत की. मग त्यांनी गोड आवाजात कोरड्या खोलीची आठवण करून दिली. छपराचं काम सुरू झालं होतं. काकूंना विश्रांतीची गरज आहे, त्यांच्यावर जरा लक्ष ठेवा, असं त्यांच्यामागे सगळ्यांना सांगण्यात आलं. म्हणजे काकू आता वेड्या ठरल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा भुयाराची सहल निघाली. देणगीदार वाढले होते. काकूंना नेऊ नये असं ठरत होतं, पण काकाच म्हणाले, येऊ द्या, त्यांचं मन मोकळं होईल. भुयाराच्या दाराशी मात्र ते थांबले. आत येणार नाही, बाहेरच बोलेन, इतकंच म्हणाले. मंडळी आत गेली आणि तेवढ्यात काकूंनी डोंगराची पायवाट धरली.

चढ उभा होता. काकूंना धाप लागली, चप्पल तुटली, ती त्यांनी तिथेच टाकली. मागून सावकाश पावलं येत होती, त्यांनी वळून बघितलं नाही. झरोका गवतात होता. आता त्याला लोखंडी जाळी बसवलेली होती. आतून गार हवा येत होती. काकू गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हातांनी जाळी धरली आणि ओरडू लागल्या. अहो, मी आलेय. अहो, मी वर आहे. घशाला कोरड पडली, आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. जन्मभर ज्याच्यासाठी घसा फोडला त्याच्यासाठी आणखी थोडा.

पावलं त्यांच्यामागे येऊन थांबली. त्या माणसाची सावली जाळीवर पडली.

"ओरडू नका," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. "त्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला तर माहीत आहे."

काकूंनी मान फिरवली नाही. त्या गप्प झाल्या ते त्याच्या सांगण्यावरून नव्हे. खालून, खूप खालून काहीतरी येत होतं. चढा, बेढब, बहिऱ्या माणसाचा आवाज. तो त्यांना हजारांत ओळखू आला असता.

"अगं, दिवे कधी लावणार हे लोक? किती वेळ झाला..."

काकूंनी जाळी हलवली. ती जागची हलली नाही.

"बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नाही बोललीस, बरं केलंस. पण आता ओढ की हात. निघू या."

काकूंनी कान जाळीला लावला. मग तोच आवाज, थोडा कळवळलेला, पण अजून लाडानं बोलणारा.

"आणि इतका घट्ट कशाला धरतेस गं? जरा सैल सोड... बोटं मोडतील माझी."

काकूंनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही हात जाळीवर होते.